दोन्हीकडचं एम

सुताच्या काट्यावर मला उभं केलं
मालकाच्या पोरानं, गंमत म्हणून.
अडुसष्ट किलो.
बाप मागाशेजारी होता, हसला नाही.
घरी येऊन एवढंच म्हणाला, "बरुवु."
आईनं विड्यांच्या सुपातून मान वर केली नाही.

शाळेत नदाफ बाई म्हणाल्या, वजन नव्हे गं, वस्तुमान.
वजन म्हणजे जमिनीची ओढ, ती चंद्रावर बदलते.
वस्तुमान तुझं तुझ्यापाशी, कुठंही जा.
ऐकून बरं वाटलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

खो-खोच्या संघात सर घेईनात.
गोळा फेक की, म्हणाले, तुला तोच शोभतो.
दोनदा फेकला. पडला तिथं मुरूम उडाला, मग सगळं शांत.
फेकणारीनं वर्तुळातच राहायचं असतं.
मला जायचं होतं.

मग एका दुपारी, वीज नाही, बाहेर बेचाळीस,
बाईंनी फळ्यावर एक वळण काढलं.
पळणारीला वळायचं तर कुणीतरी आत ओढावं लागतं.
माती ओढते, तळव्याखालचं घर्षण.
जड असशील तर ओढ जास्त हवी.
आणि जड असशील तर माती धरतेही जास्त घट्ट.
दोन्हीकडे एम.
बाईंनी खडूची एक तिरपी रेघ इकडे मारली, एक तिकडे.
एम गेलं.
उरला वेग, उरली त्रिज्या, उरली माती.
पस्तीस किलोची श्रीदेवी मडूर आणि मी
त्या वळणावर सारख्याच.
वहीत त्या दोन रेघा मी अशा ओढल्या
की मागच्या पानावरचा भूगोल फाटला.

खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.
उठून सुटताना एम कापलं जात नाही,
तिथं मांड्या लागतात, आणि श्रीदेवी
तीन पावलांत माझ्या पुढं.
खांबाशी तर मुळीच नाही.
खांब धरून उलटं फिरायचं तर ओढणार तळहात.
सगळे अडुसष्ट किलो सरळ निघालेले
विजापूर रोडच्या दिशेनं,
आणि चार बोटं म्हणतायत, नाही.
कातडी गेली. परत आली. परत गेली.

बापानं फोड पाहिले.
त्याच्या भुवईत जुना व्रण आहे:
एकदा धोटा पेटीत थांबलाच नाही,
कापड सोडून तसाच पुढं आला, सरळ.
"चाललेलं आपण होऊन वळत नाही," म्हणाला चौथी शिकलेला माणूस,
"वळवावं लागतं."
आणि माझ्या हाताला मागाचं तेल लावलं, काळं,
जे लावायचं नसतं.

पार्क मैदानावर बार्शीच्या पोरींशी सामना.
शेवटचं मिनिट, त्यांची शेवटची गडी हरणासारखी,
मी तिच्या मागं, जड, अंगात आलेला वेग
आता थांबवणं माझ्याही हातात नव्हतं.
हात पुरला नसता.
पाटीवर श्रीदेवी बसलेली, तिची पाठ माझ्याकडे.
मी पंजा टेकवला आणि म्हणाले,
खो.

एका अक्षराचं वस्तुमान किती?
मी तिथंच बसले, धापा टाकत, माझे सगळे किलो घेऊन,
आणि ती सुटली.

गडी बाद झाली का, लोक अजून विचारतात.
झाली नाही. अर्ध्या गुणानं हरलो.

परवा शाळेवरून गेले. मैदानावर गवत, पाट्या पुसलेल्या,
खांब मात्र आहे, किंचित कललेला.
शिपाई म्हणाला, वाळवी.
असेल.
मी त्याला ओढत होते तेव्हा तोही मला तेवढंच ओढत होता,
हे बाईंनी पुढच्या धड्यात शिकवलं होतं.
तळहात लावून बघितला.
ऊन खाऊन तापला होता, तरी ठेवला.